काळ्या केसांवरचा चुकलेला रंग

केसांना लावलेला रंग मनासारखा आला नाही, तर त्यावर दुसरा रंग लावून तो झाकता येईल, असा समज ग्राहकांमध्ये सर्रास आढळतो आणि घाईगर्दीच्या सलूनमध्ये तो प्रत्यक्ष आचरणातही येतो. भिंतीचा रंग पसंत पडला नाही तर त्यावर दुसरा हात मारता येतो, कारण तो रंग पृष्ठभागावरच असतो. केसांचा टिकाऊ रंग मात्र केसाच्या आत तयार होतो, तिथेच अडकून राहतो आणि त्यावर लावलेला दुसरा रंग त्याला हटवत नाही, तर त्याच्यात मिसळतो. कृत्रिम रंग दुसऱ्या रंगाने फिका होत नाही, हा या व्यवसायातील पहिला धडा आहे. सलूनमध्ये जिला कलर करेक्शन म्हणतात ती रंगदुरुस्ती खर्चिक, वेळखाऊ आणि अनेकदा अपुरी का ठरते, याचे बरेचसे उत्तर या एका वस्तुस्थितीत आहे.

केसाच्या सर्वांत बाहेर एकमेकांवर चढलेल्या पारदर्शक खवल्यांचे आवरण असते, त्याला क्युटिकल म्हणतात. त्याच्या आत केराटिन या प्रथिनाच्या तंतूंचा जाड गाभा, म्हणजे कॉर्टेक्स, असतो आणि केसाचे बळ, लवचीकपणा व रंग हे तिन्ही मुख्यतः या गाभ्यावर अवलंबून असतात. टिकाऊ रंगाच्या ट्यूबमध्ये तयार रंग जवळजवळ नसतोच; असतात ती लहान, बहुतांशी रंगहीन रेणूंची पूर्वद्रव्ये. तिच्यात डेव्हलपर, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइडचे द्रावण, मिसळले की क्रीममधील अमोनिया केस फुगवून खवले उचलतो, लहान रेणू गाभ्यात शिरतात, तिथे त्यांचे ऑक्सिडीकरण होते आणि ते एकमेकांशी जोडले जाऊन एवढे मोठे रंगीत रेणू बनतात की आल्या वाटेने त्यांना सहज बाहेर पडता येत नाही. डब्यावर ‘अमोनियाविरहित’ असे लिहिलेले असले, तरी तिथे बहुधा मोनोइथेनॉलअमाइन हे दुसरे अल्कधर्मी द्रव्य तेच काम करत असते; वास कमी येतो, पण प्रक्रिया बदलत नाही. पूर्वद्रव्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध असलेल्या पॅराफेनिलीनडायअमाइनच्या, म्हणजे पीपीडीच्या, रंग देण्याच्या गुणधर्माकडे जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑगस्ट हॉफमन यांनी १८६३च्या सुमारास लक्ष वेधले होते. पुढे १९०७ मध्ये युजीन शुएलर या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने आपला कृत्रिम केसरंग तयार करून पॅरिसच्या केशकर्तनकारांना विकायला सुरुवात केली आणि १९०९ मध्ये त्याने काढलेली कंपनी आज लॉरिआल या नावाने जगभर ओळखली जाते. तेव्हापासून ट्यूबचे सुगंध आणि वेष्टणे पुष्कळ बदलली, मूळ रसायन फारसे बदलले नाही.

भारतीय केसांच्या बाबतीत बहुतेक तक्रारींचे मूळ त्यांच्या नैसर्गिक रंगद्रव्यात सापडते. केसांची गडदपणाची पातळी सलूनमध्ये १ ते १० अशा आकड्यांनी मोजतात. १ म्हणजे काळा, १० म्हणजे अतिशय फिका सोनेरी, आणि महाराष्ट्रातील केस सर्वसाधारणपणे पहिल्या तीन पायऱ्यांत येतात. या केसांत मेलॅनिनचे दोन प्रकार असतात, काळा-तपकिरी युमेलॅनिन आणि तांबूस-पिवळा फिओमेलॅनिन. पेरॉक्साइड किंवा ब्लीच पावडर लावल्यावर युमेलॅनिन तुलनेने लवकर मोडते आणि तांबूस छटा चिवटपणे मागे राहते. म्हणून काळा केस उजळताना थेट तपकिरी किंवा राखाडी होत नाही, तर लालसर तपकिरी, लाल, लालसर नारिंगी, नारिंगी, पिवळसर नारिंगी, पिवळा आणि शेवटी केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा फिका पिवळा, अशा ठरलेल्या पायऱ्यांनी जातो. कॅरॅमल किंवा ॲश ब्राउन या नावांनी ज्या छटा सध्या मागितल्या जातात, त्या साधारण सहाव्या-सातव्या पातळीवरच्या आहेत, आणि त्या पातळीला काळ्या केसात खाली नेमके नारिंगीच असते. कारागिराने ते नारिंगी पुरेसे शमवले नाही, किंवा शमवणारा टोनर काही आठवड्यांत धुऊन गेला, की आरशात पितळेची झाक दिसू लागते. ग्राहकाला तो रंग ‘उतरला’ असे वाटते. प्रत्यक्षात वरचे आवरण निघून गेलेले असते आणि मुळातले दिसू लागलेले असते.

हे सगळे ट्यूब उघडण्यापूर्वीच सांगता येण्यासारखे असते, आणि तिथेच सर्वाधिक चुका होतात, असे म्हणायला हरकत नाही. मोबाइलवर दाखवलेल्या चित्रातील केस बहुधा मुळातच तपकिरी असतात, स्टुडिओच्या प्रकाशात टिपलेले असतात आणि पुष्कळदा त्यांच्यावर फिल्टरही असतो. तोच परिणाम दुसऱ्या पातळीवरच्या काळ्या केसावर एका बैठकीत आणायचा म्हटले तर केस वाचत नाहीत. दुसरी अडचण शेड कार्डची. त्यातील आकड्यांपैकी पहिला पातळी सांगतो आणि बिंदूनंतरचा छटा: अनेक कंपन्यांच्या पद्धतीत .१ म्हणजे राखाडी, .३ म्हणजे सोनेरी, .४ म्हणजे तांबूस. पण ही पद्धत सर्व कंपन्यांत एकसारखी नाही, त्यामुळे ‘गेल्या वेळी सहा पॉइंट एक लावला होता’ एवढी माहिती ब्रँडच्या नावाशिवाय अपुरी ठरते. शिवाय शेड कार्डवरचे झुपके पांढऱ्या कृत्रिम धाग्यांवर रंगवलेले असतात, काळ्या केसांवर नव्हे. डेव्हलपरच्या ताकदीबद्दलही गोंधळ असतो. २० व्हॉल्यूम म्हणजे एक लिटर द्रावणातून २० लिटर ऑक्सिजन सुटू शकेल इतके तीव्र, म्हणजे सुमारे ६ टक्के पेरॉक्साइड. ३० व्हॉल्यूम म्हणजे ९ आणि ४० म्हणजे १२ टक्के. अधिक तीव्र द्रावण वापरले की काम लवकर होते हे खरे, पण ते केवळ रंगद्रव्यच मोडत नाही, तर केराटिनला बळ देणारे डायसल्फाइड बंधही तोडते, आणि त्यांपैकी ज्यांचे पूर्ण ऑक्सिडीकरण झाले ते पुन्हा जुळत नाहीत.

मुळांचा प्रश्न वेगळाच आहे. टाळूपासूनच्या साधारण एक-दीड सेंटिमीटर पट्ट्याला डोक्याची ऊब मिळते, तिथला केस नवा असतो आणि रसायनांची क्रिया तिथे झपाट्याने होते. म्हणून न रंगवलेले केस उजळवताना कुशल कारागीर आधी मधल्या लांबीला मिश्रण लावतो आणि मुळांकडे शेवटी वळतो. एकाच वेळी मुळापासून टोकापर्यंत फिरवलेला ब्रश मुळे तांबडीलाल आणि टोके काळपट ठेवून जातो. पांढरे केस मिसळलेल्या डोक्यावर याच्या उलट फसगत होते: पांढऱ्या केसात मूळ रंगद्रव्य नसल्यामुळे निव्वळ तांबूस किंवा बर्गंडी छटा कानशिलाजवळ झगझगीत दिसते आणि शेजारच्या काळ्या केसांवर तिचा मागमूसही लागत नाही. अशा डोक्यासाठी छटेच्या ट्यूबमध्ये नैसर्गिक आधाररंग, म्हणजे .० मालिकेतील तपकिरी, ठरावीक प्रमाणात मिसळावा लागतो.

रंग बिघडल्याचे लक्षात आल्यावर पहिले काम म्हणजे तो नक्की बिघडला आहे का, हे दिवसाच्या उजेडात पाहणे. सलूनमधील पिवळट दिव्याखाली तांबूस दिसणारे केस खिडकीशी ठीक दिसू शकतात, आणि पांढऱ्या ट्यूबलाइटखाली छान वाटलेली राखाडी छटा उन्हात हिरवट निघू शकते. खिडकीपाशी, थेट ऊन टाळून, पुढून, मागून आणि भांग पाडून छायाचित्रे काढून ठेवावीत, कारण ती दुरुस्ती करणाऱ्याच्याही उपयोगी पडतात आणि वाद झालाच तर पुराव्याच्याही. सलूनकडून मिश्रणाची नोंद लिहून मागावी, म्हणजे ब्रँड, छटेचे आकडे, त्यांचे प्रमाण, डेव्हलपरची ताकद आणि तो किती मिनिटे ठेवला ते. चांगल्या सलूनमध्ये ही नोंद ग्राहकाच्या कार्डावर असते. ती नसेल तर त्या सलूनच्या कामकाजाविषयी तेवढ्यावरूनही काही कळते. रंग अपेक्षेपेक्षा गडद आला असेल तर दोन-तीन वेळा केस धुऊन पाहणे शहाणपणाचे असते, कारण सुरुवातीच्या धुण्यांत काही रंग निघून जातो आणि केसांना खोलवर साफ करणारा क्लॅरिफाइंग शाम्पू वापरल्यास थोडा अधिक निघतो. भांडी घासण्याचा साबण, लिंबू, खाण्याचा सोडा यांचे घरगुती प्रयोग मात्र टाळावेत. त्यांनी रंग असमान उतरतो आणि पुढच्या कारागिराला फिक्या-गडद ठिगळांवर काम करावे लागते. बाजारातून तपकिरी रंगाची पेटी आणून त्याच रात्री घरी लावणे हा सर्वांत महाग पडणारा उपाय आहे, कारण त्यानंतर केसांत एका चुकीऐवजी दोन चुका असतात.

दुरुस्तीला बसण्यापूर्वी केसांचा इतिहास सांगावा लागतो आणि तो अलीकडच्या भेटीपुरता सांगून भागत नाही. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे कमरेपर्यंत पोहोचलेल्या केसांची टोके पाच-सहा वर्षांपूर्वी उगवलेली असतात आणि त्या काळात झालेले सगळे त्यांत साठलेले असते. महाराष्ट्रात या इतिहासात मेंदी हमखास असते. मेंदीतील लॉसोन हे रंगद्रव्य केराटिनला घट्ट चिकटते आणि ब्लीच लावल्यावर नैसर्गिक रंग उजळला तरी ते तांबूस-नारिंगी रूपात मागे राहते. मेंदीनंतर केस काळे करण्यासाठी निळीची पूड लावलेली असेल तर ब्लीच करताना हिरवी झाक उमटू शकते. काळी मेंदी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांत तर पीपीडी असते, म्हणजे ते रासायनिक रंगच असतात, आणि काही भेसळयुक्त पुड्यांत धातूंचे क्षार असू शकतात, ज्यांची पेरॉक्साइडशी गाठ पडली की केस फॉइलमध्ये तापतो, वाफ येते आणि बट वितळल्यासारखी तुटते. रिबॉन्डिंग किंवा स्मूदनिंग केलेले केस वेगळ्याच कारणाने नाजूक असतात, कारण तिथे डायसल्फाइड बंध आधीच एकदा तोडून जोडलेले असतात. उपनगरांत बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यातून केसांवर बसणारे कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोहाचे थरही रंग असमान चढवतात. दुरुस्तीआधी ते काढण्यासाठी चीलेटिंग शाम्पू, म्हणजे धातूंना बांधून वाहून नेणारा शाम्पू, वापरतात.

म्हणूनच दुरुस्ती एका बटेवर आधी करून पाहणे, म्हणजे स्ट्रँड टेस्ट, हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. मानेवरच्या, वरच्या केसांखाली झाकल्या जाणाऱ्या भागातून पेन्सिलीएवढी जाड बट घेऊन तिच्यावर ठरवलेले मिश्रण लावतात, दर पाच-दहा मिनिटांनी थोडे पुसून पाहतात आणि धुऊन वाळवल्यावरच निष्कर्ष काढतात, कारण ओला केस वाळलेल्यापेक्षा गडद दिसतो. त्याच बटेतील एक ओला केस दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच ताणला जातो: निरोगी केस ओला असताना सुमारे तीस टक्के ताणला जाऊन पुन्हा पूर्ववत होतो, तो रबरासारखा लांबत जाऊन परतच येत नसेल किंवा तटकन तुटत असेल, तर त्या दिवशी ब्लीचला हात लावायचा नसतो, ग्राहकाने कितीही आग्रह केला तरी.

नारिंगी केसांची दुरुस्ती त्यातल्या त्यात सोपी आहे, पण तिच्यातही एक घोटाळा वारंवार होतो. रंगचक्रात समोरासमोर असलेले रंग एकमेकांना शमवतात, म्हणून नारिंगीवर निळा, पिवळ्यावर जांभळा आणि लालवर हिरवा हे सूत्र वापरले जाते. जाहिरातींमुळे जांभळा शाम्पू एवढा लोकप्रिय झाला आहे की नारिंगी केसांवरही तोच विकत आणला जातो आणि मग काहीच फरक पडत नाही अशी तक्रार होते. तो पिवळसर केसांसाठी आहे, काळ्या केसांतून आलेल्या नारिंगीसाठी निळी छटा लागते. तिचा कायमस्वरूपी उपयोगही नाही, कारण शमवणे म्हणजे उजळवणे नव्हे: नारिंगीत निळा मिसळला की तपकिरी रंग मिळतो आणि तो आधीपेक्षा थोडा गडदच असतो. नारिंगीच्या पुढची फिकी छटा हवी असेल तर आणखी उजळवण्याला पर्याय नसतो आणि ते काम काही आठवड्यांच्या अंतराने दोन-तीन बैठकांत करावे लागते. हे आधी सांगणारा कारागीर ग्राहकाला नकारात्मक वाटतो. वास्तविक विश्वास ठेवण्याजोगा तोच असतो.

गडद झालेल्या रंगाची गोष्ट अधिक किचकट आहे. विशेषतः जिथे दर महिन्याला मुळांपुरता टच-अप करण्याऐवजी संपूर्ण लांबीवर काळा रंग फिरवला जातो, तिथे टोकांमध्ये रंगाचे इतके रेणू साठलेले असतात की मुळांना बारा मिनिटे पुरणारे मिश्रण टोकांना पाऊण तासातही हलवत नाही. अशा केसांसाठी कलर रिमूव्हर नावाची उत्पादने मिळतात, ज्यांतील काही क्षपणाच्या, म्हणजे ऑक्सिडीकरणाच्या उलट, प्रक्रियेवर चालतात: गाभ्यात जोडले गेलेले मोठे रेणू पुन्हा रंगहीन आणि लहान होतात आणि पाण्याबरोबर बाहेर पडू शकतात. त्यांना सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि धुण्यात कसूर झाली तर आत राहिलेले रेणू हवेतील ऑक्सिजनने पुन्हा जुळून दुसऱ्या दिवशी केस परत काळे दिसू लागतात. रिमूव्हरने आपला मूळ केस परत मिळेल अशी अपेक्षा मात्र चुकीची आहे. पहिल्या रंगाच्या वेळी पेरॉक्साइडने नैसर्गिक मेलॅनिन काही प्रमाणात आधीच मोडलेले असते आणि ते परत येत नाही, म्हणून कृत्रिम काळा निघाल्यावर खाली असमान नारिंगी उघडे पडते आणि दुरुस्तीचा दुसरा टप्पा तिथून सुरू होतो. मेंदीवर या रिमूव्हरचा काही उपयोग होत नाही.

उलट, फार फिके झालेले केस पुन्हा तपकिरी करायचे असतात तेव्हा वाटते की हे तर सोपे, तपकिरी लावला की झाले. पण उजळलेल्या केसातून तपकिरीचा उबदार, तांबूस भाग निघून गेलेला असतो आणि त्यावर थेट थंड तपकिरी लावल्यास तो मातकट किंवा हिरवट दिसतो आणि पंधरवड्यात विटून जातो. त्यासाठी आधी तांबूस-सोनेरी छटा भरून घ्यावी लागते, जिला प्री-पिगमेंटेशन म्हणतात, आणि नंतर हवी ती पातळी चढवली जाते. एवढी पायरी वगळल्याने बिघडलेली कामे सलूनमध्ये दुरुस्तीला नेहमीच येतात.

दुरुस्तीत त्वचेचाही विचार करावा लागतो, कारण थोड्या काळात दुसऱ्यांदा रसायन लावले जात असते. पीपीडीमुळे होणाऱ्या ॲलर्जीत टाळू, कान आणि पापण्यांना खाज, सूज आणि पाणी भरलेले फोड येऊ शकतात, आणि पूर्वी कधी त्रास झाला नाही म्हणून पुढे होणार नाही असे धरता येत नाही. संवेदनशीलता वारंवार संपर्कानेच तयार होते. भारतात पीपीडी असलेल्या केसरंगांच्या वेष्टणावर आधी चाचणी घेण्याची आणि भुवया किंवा पापण्यांना तो न लावण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. कानामागे किंवा कोपराच्या आतील बाजूस थोडे उत्पादन लावून ४८ तास थांबण्याची पॅच टेस्ट त्यासाठीच असते, आणि लग्नसराईत ती सर्वप्रथम वगळली जाते.

पैशांचा प्रश्न शक्यतो सलूनमध्येच सुटावा. अनेक ठिकाणी काही दिवसांच्या आत सांगितल्यास टोनर किंवा टच-अप विनामूल्य करून दिला जातो आणि ज्याने मिश्रण केले त्याला ते सुधारण्याची संधी देणे तांत्रिकदृष्ट्याही सोयीचे असते. केस भाजले असतील किंवा टाळूला इजा झाली असेल, तर मात्र त्याच खुर्चीत पुन्हा बसण्याचे बंधन कोणावर नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सलूनची सेवा ही सेवाच आहे आणि तिच्यातील त्रुटीबद्दल दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. भरपाईची रक्कम कशी ठरते, याचे बोलके उदाहरण दिल्लीत घडले, जरी ते रंगाचे नसून केस कापण्याचे होते. एका पंचतारांकित हॉटेलच्या सलूनमध्ये २०१८ मध्ये सांगितल्यापेक्षा फार आखूड केस कापले गेल्याबद्दल राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२१ मध्ये दोन कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सेवेत त्रुटी होती हा निष्कर्ष तसाच ठेवला, पण एवढ्या रकमेला पुराव्याचा आधार हवा असे म्हणून प्रकरण आयोगाकडे परत पाठवले. पावती, तारखेसह छायाचित्रे, लेखी तक्रार आणि गरज पडल्यास त्वचारोगतज्ज्ञाचे प्रमाणपत्र यांना महत्त्व आहे ते यामुळे.

जिथे बट ताणल्यावर तुटते, मेंदीचे थर फार आहेत किंवा खर्च परवडणारा नाही, तिथे रसायनाऐवजी वेळ वापरावा लागतो. नव्या वाढीच्या जवळपासच्या पातळीचा डेमी-पर्मनंट रंग, म्हणजे अमोनिया नसलेला किंवा अगदी कमी असलेला, सौम्य डेव्हलपरचा आणि हळूहळू विटणारा रंग, सांध्यावर फिरवला की बिघडलेल्या आणि नव्या केसांमधली रेघ पुसट होते, आणि दर दोन-तीन महिन्यांनी टोके छाटत गेल्यास जुना रंग खालून निघत जातो. खांद्याच्या थोडे खाली आलेल्या, तीस सेंटिमीटर लांबीच्या केसांना हा हिशेब दोन ते अडीच वर्षांचा पडतो. बॉबकटला तयार असणाऱ्यांचा तो वर्षभरात आटोपतो.